लक्षद्वीपच्या बेटावर एक दिवस : खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळला थांबते, जळगावलाही थांबते. डब्यावरची ती पाटी मी शाळेत असल्यापासून वाचत आलोय. गाडी मात्र एर्नाकुलमला संपते आणि पुढचा प्रवास जहाजाचा. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही जळगाव-भुसावळचे अकरा जण त्या वाटेने गेलो. सर्वांत धाकटा माझा आठ वर्षांचा पुतण्या आणि सर्वांत मोठी सत्तरीची मावशी. परत आल्यापासून ओळखीतले लोक एकच विचारतात, "आम्हाला जायचंय, काय काय करायला लागतं?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतो.

एक गोष्ट पहिल्यांदा मनात पक्की करा. तोरणमाळला किंवा सापुताऱ्याला जाताना काही विसरलं तर वाटेत दुकान मिळतं. या बेटांवर ती सोय धरून चालू नका. लक्षद्वीपची 36 बेटं मिळून जमीन फक्त 32 चौरस किलोमीटर. वस्ती 10 बेटांवर आणि त्यातलीही सगळी पर्यटकांना खुली नाहीत. नदी नाही, डोंगर नाही, बेट समुद्रापेक्षा जेमतेम दोन-चार हात उंच. त्यामुळे तिथला दिवस चांगला जाणार की हाल होणार, हे घरूनच ठरतं.

जहाज कोणतं

दिवसा बेट आणि रात्री जहाज अशी सहल हवी असेल तर लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची 'समुद्रम' ही सहल बघा. कोचीहून एमव्ही कवरत्ती हे जहाज निघतं, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं दाखवतं. सकाळी बेटावर उतरायचं, दुपारचं जेवण तिथेच, संध्याकाळी परत जहाजात. फेऱ्यांच्या तारखा प्रशासनाच्या संकेतस्थळावर येतात.

दुसरी वाट मुंबईची. तिथून निघणाऱ्या खासगी क्रूझच्या काही फेऱ्यांत लक्षद्वीपचा थांबा असतो. खान्देशातून मुंबई एका रात्रीवर, म्हणून ही सोय मोहात पाडते. पैसे भरण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. बेटावर प्रत्यक्ष किती तास मिळणार? होडी, जेवण आणि पाण्यातले खेळ तिकिटात धरलेत की वेगळे? समुद्र खवळला म्हणून कप्तानाने बेटाचा थांबा रद्द केला तर कोणते पैसे परत मिळतात? थांबा रद्द करणं पूर्णपणे कप्तानाच्या हाती असतं आणि ते तसंच असायला हवं. आपण फक्त त्याचा हिशोब आधी करून ठेवायचा.

जहाजावरचे नाच-गाणे-जेवण हेच मुख्य हवं असेल तर मुंबईची वाट घ्या. बेट बघायचं असेल तर माझं मत कोचीच्या बाजूने आहे.

तारीख

जून ते सप्टेंबर विसरा. पावसाळ्यात समुद्र इतका चढतो की पर्यटकांच्या फेऱ्या मेच्या मध्यापासूनच थांबतात. ऑक्टोबर ते डिसेंबर जाता येतं, पण तो वादळांचा काळ. 2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी चक्रीवादळाने याच बेटांना झोडपलं होतं. एप्रिल-मेमध्ये बेटावरचे लोक सुटीत घरी जात-येत असतात, जहाजात जागा मिळणं अवघड होतं, आणि मेमध्येही वादळं होतात. 2021 चं तौक्ते मेमधलंच. राहिले जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च. आपल्यालाही ते सोयीचं, कारण तोवर कापूस बहुतेकांचा विकून झालेला असतो आणि गहू कापणीला यायचा असतो.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कालनिर्णय उघडा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी जोराची असते, म्हणजे उधाण. ओहोटीत बेटाभोवतीचं उथळ पाणी आणखी उथळ होतं, होड्यांना थांबावं लागतं, आणि प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून पाणी बाहेर धावताना ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास हा चढउतार कमी असतो. दोन तारखांतून निवडायची मुभा असेल तर अष्टमीजवळची घ्या. रमजान कधी येतो तेही बघून ठेवा. बेटांवर जवळजवळ सगळी वस्ती मुस्लिम आहे, रोज्याच्या दिवसांत गावातली हॉटेलं दिवसा बंद असतात.

परवाना

लक्षद्वीप भारतातच आहे, तरी बाहेरच्या माणसाला तिथे पाऊल ठेवायला प्रवेश परवाना लागतो. हा नियम 1967 पासूनचा आहे. सहल घेणारी संस्था परवाना काढून देते, पण कागद आपण द्यायचे: ओळखपत्र, फोटो आणि मागितला तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. हा दाखला महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मागता येतो. अर्जानंतर तुमच्या ठाण्यात पडताळणी होते, कधी पोलीस घरी येतात. महिना-दीड महिना हाताशी ठेवूनच अर्ज करा.

नावाची भानगड आताच मिटवा. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव मधे, रेल्वे तिकिटावर नुसतं 'एस. पाटील', बँकेत आणखी तिसरंच. परवाना, जहाजाचं तिकीट आणि ओळखपत्र या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. आमच्या नात्यातल्या चौघांना एका एजंटने सांगितलं होतं, "परमिट तिकडेच मिळून जातं." ते कोचीच्या धक्क्यापर्यंत गेले आणि तिथूनच परतले. जाण्यायेण्याचे पैसे गेले ते गेलेच, वर लेकरांची तोंडं बघवत नव्हती. परवाना हातात पडल्याशिवाय घर सोडू नका.

गाडी आणि कोची

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. उघडल्या दिवशीच काढा, कारण मंगलाला दिल्लीपासूनच गर्दी असते. जळगावहून एर्नाकुलम म्हणजे सव्वा ते दीड दिवस. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत तरी पोचायला हवं. कोकणातल्या त्या एकेरी रुळांवर गाडी चार-पाच तास मागे पडू शकते, आणि जहाज आपल्यासाठी थांबत नाही. जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटावरच्या धक्क्यावरून सुटतं, तिथे सामानाची तपासणी होते. दारू नेऊ नका. बंगारम सोडून सगळ्या बेटांवर दारूबंदी आहे.

बॅग

दोन बॅगा करा. मोठी जहाजात राहील. लहान, खांद्यावर अडकवायची, ती बेटावर नेण्याची. होडीत उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, त्यामुळे हातात धरायची पिशवी, पर्स, डबा असलं काही नको. लहान बॅगेत एवढंच:

- माणशी तीन लिटर पाणी. बाटल्या घरच्या, पुन्हा भरता येतील अशा, आणि सकाळी जहाजातच भरलेल्या.
- लांब बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि आपला नेहमीचा मोठा रुमाल. जळगावच्या 45 अंशांची सवय असली तरी हे ऊन वेगळं आहे. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, आणि पांढऱ्या वाळूवरून व पाण्यावरून ऊन उलटून खालून तोंडावर येतं. हनुवटीखाली भाजलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.
- पट्ट्याच्या, मागून बंद होणाऱ्या जुन्या सँडल. पाण्यात त्याच घालून चालायचं. प्रवाळ ब्लेडसारखं कापतं.
- रोजची औषधं, ओआरएसची पाकिटं, जखमेचं मलम, पट्टी.
- सुटे पैसे. एटीएमच्या भरवशावर राहू नका.
- ओळखपत्र आणि परवान्याची प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत.
- कचऱ्यासाठी एक रिकामी जाड पिशवी.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते आणि हलत्या जहाजात पोटाला सोसते. शेव-भाजीचा रस्सा, ठेचा हे परत आल्यावर. तिखट खाऊन बोट लागली की फार वाईट हाल होतात. बेटावरच्या जेवणात भात, टुना मासा आणि खोबरं असतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि जहाजात चढल्यावर पुन्हा एकदा सांगा.

सनस्क्रीन घेणार असाल तर ऑक्सिबेंझोन नसलेलं घ्या, ते प्रवाळाला घातक आहे. त्याहून चांगलं म्हणजे अंगभर कपडा. तेवढं अंगाला काही चोपडावंच लागत नाही.

निघण्याआधी घरी एक सराव करा. आपल्यापैकी पोहणारे विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, बाकीच्यांना येतच नाही. पाण्याखालचं बघायचा काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी नीट वापरायला पोहणं यावंच लागतं असं नाही, पण तोंड पाण्यात असताना तोंडाने श्वास घेता यावा लागतो. शंभर-दोनशे रुपयांची नळी आणा, मोठ्या बादलीत किंवा टबात तोंड बुडवा आणि पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या. पहिल्या दिवशी जीव घाबरतो, चौथ्या दिवशी काही वाटत नाही. आमच्या वहिनींनी आठवडाभर हे केलं आणि कल्पेनीला सगळ्यांत जास्त वेळ त्याच पाण्यात होत्या. मिशीवाल्यांच्या मुखवट्यात पाणी शिरतं. मिशीला व्हॅसलीन लावलं की थांबतं.

जहाजातली रात्र

कोचीहून बेटं 220 ते 440 किलोमीटर लांब, म्हणजे रात्रभराचा प्रवास. केबिन निवडता आली तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे डोल कमी जाणवतो. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि जहाज सुटण्याआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. मळमळलं तर केबिनमध्ये पडून राहू नका, वर डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत बसा. भर समुद्रात मोबाइलला रेंज नसते, घरी तसं सांगून ठेवा. 2024 च्या जानेवारीत समुद्राखालून फायबरची तार बेटांवर पोचली, त्यामुळे बेटावर उतरल्यावर फोन करता येतो.

होडीत उतरणं

याबद्दल कुणी नीट सांगत नाही, आणि सगळ्यांत जास्त काळजी इथेच घ्यायची असते.

मोठं जहाज सहसा बेटाला लागत नाही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, भिंतीच्या आत उथळ पाण्याचं सरोवर, आणि जहाजाला लागणारी खोली तिथे नाही. जहाज भिंतीबाहेर उभं राहतं आणि त्याच्या कुशीतलं एक दार पाण्याच्या थोडं वर उघडतं. खाली मोटरची होडी येऊन लागते. होडी लाटेबरोबर वर येते आणि लगेच तीन-चार फूट खाली जाते. दारात दोन खलाशी, होडीत दोन. ते तुमचे दंड धरतात, लाटेची वाट बघतात, होडी वर आली की "आता" म्हणतात. त्या क्षणी एक पाऊल टाकायचं, बस.

चूक दोन प्रकारची होते. एक, माणूस स्वतःच्या अंदाजाने उडी मारतो. दुसरी, पाऊल अर्धं टाकून मागे घेतो. दोन्हींत पाय जहाज आणि होडीच्या मधे अडकू शकतो. मावशी दारापाशी येऊन थांबली, माझा हात घट्ट धरून म्हणाली, "भाऊ, माले भेव वाटस." तिच्या मागे चाळीस माणसं उभी होती. खलाशाला भाषा कळली नाही, पण अर्थ कळला. त्याने तिला बाजूला घेतलं, चार होड्या भरून जाऊ दिल्या, आणि प्रत्येक वेळी बोटाने दाखवलं: बघा, वर आली, आता. पाचव्या होडीला ती आपणहून पुढे झाली.

म्हणून घरातलं वयस्कर माणूस असेल तर रांगेत पहिले घुसू नका. मागे राहा, दोन-तीन होड्या बघू द्या. गुडघे बदलल्याला थोडेच महिने झालेत, गरोदरपण आहे किंवा उभं राहताना तोल जातो, अशांनी जहाजातच थांबावं. साडी असेल तर ओचा वर खोचून घ्या, पंजाबी ड्रेस बरा. लाइफ जॅकेटचे सगळे बंद लावा. मूल स्वतः कडेवर घेऊन उतरू नका, खलाशाच्या हाती द्या आणि मग तुम्ही उतरा.

शौचालयाला जहाजातच जाऊन या. वस्तीच्या बेटावर पर्यटकांच्या जागी कपडे बदलायची सोय असते. निर्मनुष्य बेटावर काहीही नसतं.

बेटावरचे तास

आम्ही कल्पेनीला साडेआठच्या होडीने उतरलो आणि परतीची शेवटची होडी चारला होती. जेवण, रांगा आणि येणंजाणं वजा केलं तर हातात पाच तास उरतात. उतरल्या उतरल्या शेवटच्या होडीची वेळ विचारा आणि सगळ्यांच्या मोबाइलवर अर्धा तास आधीचा गजर लावा.

दहाच्या आत पाण्यात जा. ऊन तिरपं असतं, पाणी शांत असतं. कल्पेनीच्या कूमेल किनाऱ्यावर समोर तिलक्कम आणि पिट्टी ही दोन निर्मनुष्य बेटं दिसतात आणि मधलं पाणी हिरव्या काचेसारखं. कंबरभर पाण्यातही लाइफ जॅकेट काढू नका, लाटा फुटतात त्या प्रवाळाच्या भिंतीकडे जाऊ नका, आणि कुठल्याही खिंडीजवळ थांबू नका. ज्याला पोहता येतं तोच हा नियम मोडतो. विहिरीतल्या पाण्याला ओढ नसते, इथे असते.

प्रवाळावर उभं राहायचं नाही. दगड दिसतो, पण तो लाखो बारीक जिवांची वसाहत आहे, पाय पडला की तेवढा भाग मरतो. ही बेटं मुळात त्यांनीच उभी केली आहेत. समुद्रात बुडालेल्या जुन्या ज्वालामुखीच्या डोंगरांवर प्रवाळ वाढत गेलं आणि त्याच्या चुऱ्याची ही वाळू झाली. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीखालचा दगड आणि या बेटांखाली बुडालेले डोंगर, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त जागेतून वर आले असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. ती जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. पाण्यात उभा असताना मला हे आठवलं आणि एवढ्या लांब आलोय असं वाटेना. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापल्याने इथलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं. जे उरलंय त्यावर आपला पाय तरी नको.

अकरा ते दोन सावलीत. नारळीखाली नाही, झापाखाली. नारळ डोक्यात पडतो. याच वेळात जेवा आणि गावात चक्कर मारा. गावात फिरताना अंग झाकलेलं हवं, बाईचं आणि पुरुषाचंही. ओल्या चड्डीवर गल्लीतून जाऊ नका. घराचा, बायकांचा फोटो विचारल्याशिवाय नको. शुक्रवार असेल तर दुपारच्या नमाजाच्या वेळी सगळं थांबतं. भाषा मल्याळमच्या जवळची, मिनिकॉयला वेगळीच महल. हिंदीवर बऱ्याच ठिकाणी भागतं.

कल्पेनीच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा लांब ढीग आहे. 1847 च्या वादळाने समुद्राने तो वर आणून टाकला. त्या ढिगाशी उभं राहिलं की बेटावरची माणसं हवामानाच्या बातम्या एवढ्या लक्ष देऊन का ऐकतात ते कळतं.

आणि पाणी. एका घरी आम्हाला विहीर दाखवली, पाणी हाताला लागेल इतकं वर. मावशीला वाटलं पाण्याला तोटा नाही. तसं नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तेलासारखं तरंगतं, एक पातळ थर. जास्त उपसलं की खालून खारं पाणी वर येतं आणि विहीर बिघडते. म्हणून कवरत्तीला 2005 मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा रोज एक लाख लिटरचा प्रकल्प उभारला. आपण आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावांतून आलेली माणसं. बेटावर पाय धुवायला, वाळू काढायला गोडं पाणी ओतू नका, अंघोळ जहाजात.

परत निघताना

शंख, प्रवाळाचा तुकडा, काही म्हणजे काही उचलू नका. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, बॅगेत सापडले तर गुन्हा दाखल होतो. पुतण्याने एक सुपारीएवढा शंख खिशात टाकला होता. जेटीवर रांगेत असताना त्याला मांडीला गुदगुल्या झाल्या. काढून हातावर ठेवला तर आतून लाल ठिपक्यांचे बारीक पाय बाहेर आले, मग दोन डोळे. रिकाम्या शंखात राहणारा तो खेकडा होता. पुतण्या धावत वाळूवर गेला, शंख खाली ठेवला आणि खेकडा झुडपात शिरेपर्यंत तिथेच बसून राहिला. आमची होडी त्याच्यासाठी दोन मिनिटं थांबली.

कचऱ्याची पिशवी बेटावरच्या डब्यात रिकामी करू नका. एवढ्याशा जमिनीवर प्लास्टिक टाकायला जागाच नाही. ती जहाजात आणा आणि कोचीला उतरल्यावर टाका. आमच्या अकरा जणांची तीन दिवसांची मिळून दीड पिशवी झाली, त्यातही निम्मी बिस्किटांची पाकिटं. पुढच्या वेळी डब्यातले लाडू.

परतीचं रेल्वे तिकीट जहाज कोचीला लागण्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढा. समुद्रामुळे जहाजाला अर्धा दिवस उशीर होणं नवल नाही. वेळेवर आलात तर एक संध्याकाळ फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांजवळ जाईल. मंगला पकडताना जेवण बरोबर घ्या, दुपारनंतर डब्यात भात-सांबारच मिळतं आणि तोवर भाकरीची आठवण फार यायला लागते.